समाधी लागली का, हे तपासणं सोडा

पत्र:
नमस्कार. वय ३६, पेशाने प्रोग्रामर. पूर्वी कोड लिहायला बसलो की तहानभूक हरपायची, चार तास कुठे गेले ते कळायचं नाही. दीड वर्षापूर्वी टीम लीड झालो आणि ते सुख गेलं. ते परत मिळावं म्हणून सगळे उपाय करून पाहिले. सकाळी ९ ते ११ कॅलेंडरवर 'फोकस' लिहून वेळ अडवतो. फोन दुसऱ्या खोलीत, कानाला हेडफोन, दर पंधरा मिनिटांचा टायमर. टायमर वाजला की बघतो, फ्लो, म्हणजे ती जुनी तंद्री, लागला का? लागलेला नसतो. एकदा लक्ष उडालं की परत यायला २३ मिनिटं लागतात असं वाचल्यापासून दोन मीटिंगांच्या मधे अर्धा तास मिळाला तरी काही सुरूच करत नाही, चॅट बघत बसतो. संध्याकाळी वाटतं, दिवस वाया गेला. घरी चिडचिड होते. बायको म्हणते, 'तू घरी असतोस, पण नसतोस.' रात्री मात्र कोड्यांचा एक गेम उघडला की एक कधी वाजतो ते कळत नाही. तिथे लागणारं लक्ष कामात का लागत नाही? माझा मेंदू बिघडलाय का?
– विस्कटलेला

उत्तर:
प्रिय 'विस्कटलेला',

मेंदू बिघडलेला नाही, आणि त्याचा पुरावा तुम्हीच पत्राच्या शेवटी दिला आहे. दिवसभर दमून आल्यावर रात्री एक वाजेपर्यंत ज्याचं लक्ष एका कोड्यावरून हलत नाही, त्याची एकाग्रता शाबूत आहे. तो गेम ज्यांनी बनवला त्यांनी तुमच्या लक्षाची सगळी बडदास्त ठेवली आहे. आत्ता काय करायचं ते स्पष्ट असतं. चाल बरोबर की चूक ते क्षणात कळतं. पुढचं कोडं मागच्यापेक्षा थोडंसंच अवघड असतं. तुमच्या सकाळच्या दोन तासांत यातलं काय असतं? कॅलेंडरवर 'फोकस' एवढा एक शब्द.

ज्याला आपण सगळे 'फ्लो' म्हणतो ती कल्पना मांडली मिहाय चिक्सेंटमिहाय या मूळच्या हंगेरियन, पुढे अमेरिकेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाने. १९७०च्या दशकात त्यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यचिकित्सक अशा लोकांना गाठून विचारलं की फारसा पैसा किंवा कौतुक मिळणार नसतानाही तुम्ही यात इतके का रमता? कामं एकमेकांपासून कोसभर दूर, पण वर्णनं विलक्षण सारखी. वेळेचं भान सुटतं, स्वतःचं भान सुटतं, पुढची कृती आपोआप सुचत जाते. आणि हे होतं तेव्हाची परिस्थितीही सारखी असायची: उद्दिष्ट स्पष्ट, केल्याचा परिणाम लगेच दिसणारा, आणि आव्हान आपल्या कौशल्याला जेमतेम पेलेल इतपतच. आव्हान फार झालं की धास्ती, कमी पडलं की कंटाळा.

या यादीत हेडफोन नाहीत. टायमर नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवता ते चांगलंच आहे, तसाच ठेवा. पण ही सगळी दाराबाहेरची व्यवस्था झाली. आत काम कसं मांडलं आहे, यावर मन लागणार की नाही ते ठरतं, आणि तुमची सगळी मेहनत दाराबाहेर चालली आहे.

त्या पंधरा मिनिटांच्या टायमरबद्दल आधी बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतो आहे. तंद्रीत स्वतःचं भान सुटतं म्हटलं, आणि तुम्ही दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून ते परत बोलावता. 'झोप लागली का?' असं दर थोड्या वेळाने स्वतःला विचारणाऱ्याला झोप लागत नाही, तसंच हे. काम करताना तुमच्या डोक्यात दोन माणसं बसलेली असतात: एक कोड वाचणारा आणि एक त्याच्या खांद्यावरून डोकावून 'रमला का?' असं पाहणारा. दुसऱ्याला घरी पाठवा. टायमर हवाच असेल तर उठायच्या वेळेचा एकच लावा, म्हणजे घड्याळाकडे बघायची गरज उरणार नाही. आणि दिवसाचं मोजमाप 'फ्लो लागला का' या प्रश्नाने करणं बंद करा. तो तुमच्या हातात नाही. काय उघडून बसलात आणि ते कुठवर नेलंत, एवढंच हातात आहे.

आता आतली मांडणी. तुमच्यासारख्यांच्या यादीत कामं अशी लिहिलेली असतात: 'लॉगिनचा प्रॉब्लेम बघणे', 'रिपोर्टचं मॉड्यूल सुधारणे'. ही कामं नाहीत, कामांचे ढीग आहेत. ढिगासमोर बसलं की पहिली वीस मिनिटं कुठून सुरुवात करावी या विचारात जातात. ती वीस मिनिटं कंटाळवाणी आणि किंचित अपमानास्पद असतात, म्हणून हात आपसूक चॅटकडे जातो. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे: आदल्या संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी उद्याच्या पहिल्या हालचालीची एक ओळ लिहून ठेवा. ओळ इतकी बारीक हवी की सकाळी वाचली की विचार न करता हात चालू लागेल. 'सेशन संपल्यावर दुसऱ्या टॅबमधून लॉगिन केलं तर एरर येते. आधी ती माझ्या मशीनवर आणून दाखवणे, मग तेवढीच पकडणारी टेस्ट लिहिणे.' हे झालं काम. यात पहिलं पाऊल आहे, आणि जमलं की नाही हे टेस्टच, म्हणजे कोड तपासणारा छोटा प्रोग्रामच, सांगेल. गेममध्ये दुसरं काय असतं?

आव्हान कमीजास्त करणंही बऱ्याच अंशी तुमच्याच हातात असतं. काम छाती दडपवणारं असेल तर आज त्याचा फक्त एक तुकडा चालता करायचा, बाकीच्या भागांनी तूर्त ठरावीक खोटं उत्तर दिलं तरी चालेल. काम रटाळ असेल तर स्वतःवर एखादी अट घाला: हे शंभर ओळींचं फंक्शन वागणूक न बदलता निम्म्यावर आणायचं, किंवा हा रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याच्या कोडची तपासणी, एका बैठकीत संपवून लिहिणाऱ्याला कामाचे तीनच मुद्दे सांगायचे. रटाळ कामात मन लागावं म्हणून ते आणखी सोपं करायला जाणारे लोक बघितले की मला नवल वाटतं. सोपं केल्याने कंटाळा वाढतो.

कोडचं ठीक, पण टीम लीडच्या पदरी दुसऱ्याच जातीची कामं येतात, आणि मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथे आहे. कोणती रचना निवडायची, कुणाला काय काम द्यायचं, दोन माणसांचं का जमत नाही. या कामांना टेस्टसारखा बरोबर-चूक सांगणारा हिरवा-लाल दिवा नसतो. आज घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही हे सहा महिन्यांनी कळतं, कधी कधी कळतही नाही. अशा कामात पूर्वीसारखी तंद्री लागावी ही अपेक्षाच चुकीची आहे. तरी परिणाम लवकर दिसेल अशी थोडी सोय करता येते. निर्णय डोक्यात न ठेवता एका परिच्छेदात लिहून काढा: काय निवडलं, काय सोडलं, का. आणि त्याच दिवशी टीममधल्या सगळ्यात शंकेखोर माणसाला वाचायला द्या. त्याने काढलेली खोट हाच तुमचा लाल दिवा.

आणखी एक गोष्ट, जी फ्लोच्या गोडव्यात सहसा कुणी सांगत नाही. चांगलं काम आणि फ्लो यांचं नातं तुम्ही समजता तितकं सरळ नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा एकट्याने केलेला रियाज दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास होता, तोही तुकड्यातुकड्यांत. दुपारची डुलकीही ते जास्त घ्यायचे. आणि प्रगतीसाठी सगळ्यात महत्त्वाचा म्हणून त्यांनी जो रियाज सांगितला, तो रमून जाण्याचा नव्हता, कष्टाचा होता. चूक कुठे होते ते पाहायचं, थांबायचं, तोच तुकडा पुन्हा. शिकताना स्वतःवर लक्ष ठेवावं लागतं, तंद्रीत ते सुटतं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही अडखळत, अवघडत काम केलं तो दिवस वाया गेला असं नाही, कदाचित त्याच दिवशी काहीतरी शिकलात.

दीड वर्षापूर्वीची तुमची तंद्री कशात लागायची हेही आठवून पाहा. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेल्या कोडमध्ये. कौशल्य मुरलेलं, आव्हान ओळखीचं. मग बढती मिळाली आणि तुम्ही एका नव्या धंद्यात नवखे झालात, पण मापं जुन्याच धंद्याची लावताय. नवखा माणूस तंद्रीत जात नाही, तो चाचपडतो. दोनचार वर्षांनी माणसांच्या कामातही हात बसेल. तोवर आठवड्यातला थोडा वेळ जुन्या प्रकारच्या कोडसाठी राखून ठेवायला माझी अजिबात हरकत नाही, उलट आग्रह आहे. लीडने कोडला हात लावू नये असं सांगणारे भेटतील. प्रकल्पाच्या वाटेत आडवं येणार नाही असं काम निवडलंत तर त्यांचं ऐकायचं कारण नाही.

आता ते २३ मिनिटांचं भूत. हा आकडा ग्लोरिया मार्क या संशोधिकेच्या कामातून आला आणि मग संदर्भापासून सुटाच झाला. त्यांनी कार्यालयांत माणसांच्या मागे बसून कोण कधी काय करतं याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवली. व्यत्ययानंतर मूळ कामाकडे परतायला सरासरी वीसपंचवीस मिनिटं जात होती हे खरं, पण त्या वेळात माणसं मधली दुसरी दोन कामं करत होती. मेंदू गरम व्हायला तेवढा वेळ लागतो असा त्याचा अर्थ नाही. तुम्ही मात्र या आकड्याच्या धाकाने रोजचे कितीतरी अर्धे तास चॅटच्या हवाली करताय. अर्ध्या तासात एक छोटा रिव्ह्यू होतो, एक टेस्ट लिहून होते, तो निर्णयाचा परिच्छेद होतो. तेवढा वेळ असला की तेवढंच काम काढा.

मार्क यांचीच आणखी दोन निरीक्षणं तुमच्या कामाची आहेत. व्यत्ययांतले जवळजवळ निम्मे माणूस स्वतःच स्वतःला आणतो. कुणी बोलावलेलं नसतं, आपणच उठून बघायला जातो. दुसरं, २००८च्या एका प्रयोगात व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उलट लवकर संपवलं. गमावलेला वेळ भरून काढायला ती भराभर हात चालवत होती. पण त्यांच्यावरचा ताण, वैताग आणि घाई जास्त होती. दिवसभराची कामं होऊनही संध्याकाळी घरात तुमचा आवाज का चढतो, त्याचं एक कारण इथे सापडेल. ती चिडचिड तुमचा स्वभाव नाही, दिवसभर केलेल्या धावाधावीची ती उधारी आहे.

मीटिंगमधून उठून थेट कोडसमोर बसलात तरी डोकं मीटिंगमध्येच राहतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हे नीट दाखवून दिलं: आधीचं काम अर्धवट सोडून उठलं की लक्षाचा काही भाग तिथेच अडकून राहतो आणि पुढच्या कामाचा दर्जा घसरतो. नंतरच्या संशोधनात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उपायही तपासला. उठण्याआधी मिनिटभर थांबून 'मी कुठे आलो आहे आणि परत आल्यावर पहिलं काय करणार' एवढं लिहायचं, की डोकं बरंच मोकळं होतं. मनात घोळत राहणाऱ्या अपुऱ्या कामांबद्दल २०११ मध्ये ई. जे. मॅसिकांपो आणि रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतूनही असंच दिसलं. काम पूर्ण झालंच पाहिजे असं नाही, ते केव्हा आणि कसं करणार हे ठरलं तरी त्याची टोचणी कमी होते. मघाशी सांगितलेली संध्याकाळची ओळ म्हणूनच दुहेरी उपयोगाची आहे. सकाळी ती सुरुवात करून देते, आणि रात्री तुम्हाला घरी असू देते. बायकोची तक्रार मला फार नेमकी वाटली. त्या तक्रारीवर वाद घालू नका. ओळ लिहा, लॅपटॉप मिटा आणि मगच बायकोशी बोलायला जा.

टीमबाबत थोडक्यात. सकाळच्या दोन तासांत तुम्ही चॅटवर दिसणार नाही, आग लागली तर फोन करायचा, एवढं सरळ सांगून टाका. आणि त्याच दोन तासांत तुम्हीही कुणाला 'एक मिनिट आहे का?' विचारू नका. लीडच्या 'एक मिनिट'ला नाही म्हणायची टीममध्ये कुणाची प्राज्ञा नसते. गाण्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: वाचायचं-लिहायचं काम असेल तर शब्द असलेली गाणी नकोत, बाकी तुमची मर्जी.

राहिला रात्रीचा गेम. तो सोडा असं मी म्हणणार नाही. दिवसभर काहीच तडीस न नेलेल्या माणसाला रात्री तासभर तरी काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान हवं असतं, ते स्वाभाविक आहे. पण सगळी तंद्री हितकर नसते, हेही खरं. जुगाराच्या यंत्रांसमोर बसणारी माणसंही वेळेचं आणि स्वतःचं भान हरपल्याचं सांगतात, आणि ती यंत्रं त्याच हेतूने बनवलेली असतात. उठल्यावर ताजंतवानं वाटतं की पिळून निघाल्यासारखं, यावरून ओळखा. तुमच्या बाबतीत अडचण गेमपेक्षा त्याच्या वेळेची आहे. एकला झोपणारा माणूस सकाळी नऊला अवघड कामाला बसतो, लक्ष लागत नाही म्हणून खट्टू होतो, दिवस वाया गेला म्हणून रात्री पुन्हा गेम उघडतो. हे चाक कुठेतरी थांबवावं लागेल, आणि सगळ्यात सोपी जागा झोपेची आहे. गेम संध्याकाळी खेळा, किती कोडी ते आधी ठरवून. रात्री डोळ्यांसमोर तो नको. सात-साडेसात तास झोप मिळालेल्या आठवड्यानंतर तुमचं लक्ष कसं वागतं ते पाहा, आणि त्यानंतरच आणखी उपायांच्या शोधात निघा.

एक मात्र गंभीरपणे विचारतो. ज्यात पूर्वी रमायचा अशा कामाबाहेरच्या गोष्टींतूनही मन उडालं आहे का? पुरेसा वेळ अंथरुणात असूनही झोप लागत नाही, भूक मंदावली आहे, आठवडेच्या आठवडे उदास वाटतं आहे, असं काही आहे का? तसं असेल तर हे सदर पुरेसं नाही, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, वस्तू आणि वेळा सतत विसरत असाल तरीही तज्ज्ञाकडून तपासून घेणं चांगलं. तुमच्या पत्रातून मला तसं दिसत नाही, पण पत्रात सगळंच येतं असं नाही.

यातलं सगळं एकदम सुरू करू नका, नाहीतर त्याचीच एक नवी यादी होईल आणि तिच्यावरही टायमर लावाल. येत्या सोमवारपासून झोप आणि संध्याकाळची एक ओळ, एवढ्या दोनच गोष्टी. पंधरा मिनिटांची घंटा मात्र आजच बंद करा. महिनाभराने पुन्हा लिहा, आणि तेव्हा फ्लो लागला की नाही ते कळवू नका, काय काय तडीस गेलं ते कळवा.